टपावर ४०० वॅट, कंट्रोलरवर १८०: एका कॅम्परव्हॅनच्या सोलर वायरिंगचं प्रकरण

व्हॅन मित्राची. टपावर १०० वॅटची चार पॅनेल, खाली ३० अँपचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलकडून जास्तीत जास्त पॉवर मिळेल तो पॉइंट शोधून बॅटरी चार्ज करणारा डबा), आणि सीटखाली १२ व्होल्ट २०० अँप-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. वायरिंग एका वर्कशॉपने करून दिलेलं, दिसायला एकदम सुबक, सगळीकडे काळी स्लीव्ह, झिप टाय वगैरे. तक्रार अशी की भर दुपारच्या उन्हात सुद्धा कंट्रोलरचा आकडा १८० च्या वर जात नाही, आणि संध्याकाळी बॅटरी अर्धीच. मित्राचा इलाज ठरलेलाच होता, अजून एक पॅनेल टाकू. त्याला म्हटलं थांब, आधी आहेत ती चार कुठे जातायत ते तरी बघू.

आता ४०० म्हणजे ४०० कधीच येत नसतात, हे आधी मान्य करायला लागतं. पॅनेलवर छापलेला आकडा हा सेलचं तापमान २५ डिग्री आणि दर चौरस मीटरला १००० वॅट ऊन अशा टेस्टमधला असतो. व्हॅनच्या टपावर पॅनेल आडवं पडलेलं, खाली तापलेला पत्रा, सेल आरामात ६५-७० डिग्रीला जातात, आणि दर डिग्रीला ०.४ टक्क्याच्या आसपास पॉवर कमी होते म्हणजे तिथेच १५ ते १८ टक्के गेले. वर सूर्य बरोबर डोक्यावर नसतो, क्षितिजापासून ६० डिग्रीवर असला तरी आडव्या पॅनेलला ८७ टक्केच ऊन मिळतं. हे सगळं धरून ह्या व्हॅनला दुपारी २८०-२९० यायला हवे होते. येत होते १८०. म्हणजे प्रकरण १०० वॅटचं आहे, २२० चं नाही, आणि हा फरक लोक करत नाहीत म्हणून मग पॅनेलवाल्याला शिव्या घालत बसतात.

खरी गोम मला एका वेगळ्याच गोष्टीत वाटली. मित्र बोलता बोलता म्हणाला की सकाळी दहाला १९० दिसतात आणि दुपारी एकला १८०. ऊन वाढतंय आणि वॅट कमी होतायत! बॅटरी भरत आली असती तर समजू शकलो असतो, कंट्रोलर हात आखडता घेतो, पण बॅटरी तर अर्धी रिकामी आणि कंट्रोलर बल्क मोडमध्ये, म्हणजे मिळेल तेवढं सगळं बॅटरीत ओतायच्या टप्प्यात. असं झालं की पहिला संशय गरमीवर घ्यायचा, आणि गरमी म्हटलं की व्होल्टेजवर. पॅनेल तापलं की करंट जवळपास तसाच राहतो, व्होल्टेज मात्र खाली येतं.

मग वॅटचा आकडा बाजूला ठेवला आणि मल्टिमीटर घेऊन नुसते व्होल्ट मोजत गेलो, टपापासून बॅटरीपर्यंत, प्रत्येक जोडाच्या आधी आणि नंतर. माझ्या मते अशा प्रत्येक केसमध्ये हेच आधी करायला पाहिजे कारण वॅटचा आकडा फक्त कमी आहे एवढंच सांगतो, कुठे कमी झाले ते व्होल्ट सांगतात. एक पथ्य आहे, हे सगळं सिस्टीम चालू असताना, करंट वाहत असताना मोजायचं. करंट वाहत नसेल तर सगळे जोड निरोगीच दिसतात.

आकडे असे आले. कंट्रोलरच्या पॅनेल टर्मिनलवर १५.० व्होल्ट. कंट्रोलरच्या बॅटरी टर्मिनलवर १४.०. आणि खुद्द बॅटरीच्या खांबांवर १३.५. बघा, कंट्रोलर आणि बॅटरी यांच्यात जेमतेम दीड मीटर वायर आहे आणि तिथे अर्धा व्होल्ट गायब, तेही साडेबारा अँपवर. ओहमच्या नियमाने हे ४० मिलिओहम झाले. वायर ४ स्क्वेअर एमएमची होती, तिचा रेझिस्टन्स दर मीटर लांबीला साधारण ५ मिलिओहम, जाऊन येऊन तीन मीटर म्हणजे १५. मग उरलेले २५? मध्ये एक छोटा ब्रेकर बसवलेला होता, त्याला हात लावला तर चांगलाच गरम. एक स्क्रू अर्धवट पिळलेला, आणि खाली वायरच्या सुट्या तारा तशाच दाबलेल्या, ना लग ना फेरूल (तारांच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे तुकडे). गाडी म्हटलं की हादरे आलेच, असा जोड आज ना उद्या ढिला होणारच.

आता अर्धा व्होल्ट म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण कंट्रोलर ज्या व्होल्टला बॅटरी समजतो तो त्याच्या स्वतःच्या टर्मिनलवरचा, खरी बॅटरी त्याला दिसत नाही. म्हणजे बॅटरी १३.८ ला आली की ह्याला १४.३ दिसणार, आणि ह्याचं अॅब्सॉर्प्शन (ज्या व्होल्टला पोचल्यावर करंट कमी करायला लागायचं तो टप्पा) १४.२ ला सेट आहे, म्हणजे पोट भरायच्या आधीच हा वाढणं थांबवणार. दुसरा त्रास वरच्या बाजूला. ह्या कंट्रोलरला चालू राहायला पॅनेलकडून निदान एक व्होल्ट जास्त लागतो (सुरू व्हायला तर पाच), म्हणजे बॅटरी बाजूला १४.० असेल तर पॅनेल बाजूला १५.० च्या खाली तो जाऊच शकत नाही. आणि मीटरवर बरोबर १५.० च दिसत होते. म्हणजे तो बिचारा त्याला हवा तो पॉइंट शोधत नव्हता, जमिनीला टेकून बसला होता.

टपावर काय चाललं होतं ते आता बघू. चारही पॅनेल पॅरललमध्ये होती, म्हणजे व्होल्टेज एकाच पॅनेलचं आणि करंट चौघांचा मिळून. ह्या पॅनेलचं मॅक्स पॉवरचं व्होल्टेज १८.६ छापलंय, ७० डिग्रीला तेच साधारण १५.२ होतं. खाली येणारी वायर परत ४ स्क्वेअर एमएमच, सहा मीटर लांब, जाऊन येऊन बारा, म्हणजे ६१ मिलिओहम. साडेबारा अँपला तिच्यात पाऊण व्होल्ट पडतो. तेव्हा कंट्रोलरपाशी १५.० मिळायला पॅनेलपाशी १५.७५ लागतात, आणि पॅनेल म्हणतंय माझा बेस्ट पॉइंट १५.२ ला आहे. त्या पॉइंटच्या पुढे व्होल्टेज ताणलं की करंट भराभर पडतो. सकाळी सेल ४५-५० डिग्रीला असताना हेच व्होल्टेज १७ च्या आसपास असायचं, मग सगळं नीट चालायचं, आणि म्हणूनच दहाला जास्त आणि एकला कमी. आडात पाणी होतं, पोहरा गळका होता.

एवढ्यावर थांबलो असतो तरी हिशोब जुळत नव्हता. ह्याने फार तर २५-३० वॅट जातात, शंभर नाही. म्हणून शिडी लावून वर गेलो आणि एकेका पॅनेलचा करंट क्लॅम्प मीटरने (वायरभोवती पकडून करंट मोजणाऱ्या) बघितला. इथे एक सांगतो, साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, डीसी मोजणारा वेगळा असतो, घेताना बघून घ्या नाहीतर सगळीकडे शून्य दिसेल आणि उगाच घाबराल. आकडे आले ४.२, ४.२, ४.१ आणि शून्य. चौथं पॅनेल मेलेलं! मित्र लगेच म्हणाला, पण वर्कशॉपवाल्याने तर माझ्यासमोर चारही पॅनेल चेक करून दाखवली, सगळ्यांवर बरोबर व्होल्टेज येत होतं. येणारच की. पॅनेल सोडवून मोजलं तर १९.४ आलं, तापलेल्या पॅनेलला अगदी बरोबर. पॅनेल ठणठणीत होतं, खराब होता तो त्याचा कनेक्टर, आणि मल्टिमीटर मोजताना करंट जवळजवळ घेतच नाही त्यामुळे जळक्या कॉन्टॅक्टमधून सुद्धा त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. नुसत्या ओपन सर्किट, म्हणजे करंट न घेता मोजलेल्या, व्होल्टेजवर पॅनेल पास करणं म्हणजे परीक्षाच न घेता मार्क देणं.

कनेक्टर उघडला तर आतलं प्लास्टिक तपकिरी, पिन काळी पडलेली. नर एका कंपनीचा, मादी दुसऱ्या कंपनीची. एमसी-४ नावाने मिळणारे सगळे एकमेकात बसतात, क्लिक पण होतात, पण आतल्या पिनांची मापं आणि धातू थोडे थोडे वेगळे असतात, कॉन्टॅक्ट नीट धरत नाही, गरम होतो, गरम झाला की अजून बिघडतो. कनेक्टरचे बहुतेक उत्पादक स्वतःच सांगतात की दुसऱ्याच्या कनेक्टरशी जोडू नका, पण पॅनेलबरोबर एक येतो, स्प्लिटर (अनेक पॅनेलच्या वायर एकत्र करणारा जोड) दुसरीकडून येतो आणि कोण बघतंय. आम्ही दोन्ही बाजू कापून एकाच कंपनीची जोडी बसवली, क्रिंपिंग टूलने, पकडीने दाबून नाही. हे करताना पॅनेलवर जाड चादर टाकली होती आणि कंट्रोलरकडे जाणारं सर्किट आधी तोडलं होतं. चालू करंटमध्ये एमसी-४ ओढून काढायचा नसतो, डीसीचा आर्क एसीसारखा आपोआप विझत नाही.

आणखी एक गोष्ट वर सापडली, तिचा वॅटशी संबंध नाही पण माझ्यासाठी ती सगळ्यात गंभीर. चार पॅनेल पॅरलल आणि एकालाही स्वतंत्र फ्यूज नाही. एका पॅनेलमध्ये शॉर्ट झाला तर बाकी तिघांचा करंट त्याच्यात घुसतो, प्रत्येकी ५.७ धरले तर १७ अँप, आणि पॅनेलच्या मागच्या लेबलवर मॅक्सिमम सिरीज फ्यूज १५, म्हणजे त्या पॅनेलला चालणारा मोठ्यात मोठा फ्यूज १५ अँपचा, असं लिहिलंय. दोनच शाखा पॅरलल असतील तर चालतं कारण एकीचाच करंट उलटा येऊ शकतो, तिसरी आली की ते लेबल वाचावंच लागतं, आणि फ्यूज बहुतेक लागतातच. व्हॅनमध्ये माणसं झोपतात, हे विसरून कसं चालेल.

आता खरा प्रश्न, परत जोडायचं कसं. सिरीज (एकामागे एक, म्हणजे व्होल्टेजची बेरीज) का पॅरलल, ह्या विषयावर दोन पक्ष आहेत आणि दोघेही दुसऱ्याचं ऐकत नाहीत. पॅरललवाले म्हणतात सावली आली तर एकच पॅनेल जातं. सिरीजवाले म्हणतात वायर बारीक चालते. दोघंही बरोबर, पण व्हॅन कुठली, टपावर काय काय आहे, कंट्रोलर किती व्होल्टचा, हे न विचारता दिलेलं उत्तर काही कामाचं नाही.

चारही सिरीजमध्ये टाकायचा विचार पहिल्याच मिनिटाला बाद. ओपन सर्किट २२.४ चौक ८९.६ व्होल्ट, कंट्रोलरची मर्यादा १००. वाटतं बसलं. पण पॅनेल थंड झालं की व्होल्टेज वाढतं, दर डिग्रीला ०.३ टक्के धरा, उणे १० डिग्रीच्या सकाळी ते ९९ होतं आणि उणे १५ ला १०० च्या पार. वॅट जास्त झाले तर कंट्रोलर आपला करंट मर्यादेत ठेवतो, व्होल्ट जास्त झाले तर मात्र तो जळतो, तिथे दयामाया नाही. व्हॅन म्हणजे एका जागी राहणारी वस्तू नाही, आज गरम प्रदेशात असेल उद्या बर्फात, त्यामुळे घरासारखं इथली थंडी एवढीच असं धरून चालत नाही.

चारही पॅरलल ठेवून वायर जाड करायची, १६ स्क्वेअर एमएम, आणि चार फ्यूज. हे चाललं असतं. पण भर उन्हात १५.२ व्होल्टच्या पॅनेलने १४.२ पर्यंत बॅटरी चार्ज करायची म्हणजे मधे फक्त तो एक व्होल्ट उरतो, वायर सोन्याची टाकली तरी. ३६ सेलच्या बारा व्होल्टवाल्या पॅनेलची ही जुनीच अडचण आहे.

म्हणून दोन-दोन सिरीज आणि त्या दोन जोड्या पॅरलल. व्होल्टेज गरमीतही ३० च्या वर, थंडीत ओपन सर्किट ५० च्या आसपास, १०० पासून लांब. करंट निम्मा, त्यामुळे त्याच वायरमधला लॉस चौथा हिस्सा. पूर्ण करंटला पॅरललमध्ये २१.६ अँप, वायरमध्ये २८ वॅट उष्णता, आणि आता १०.८ अँप, ७ वॅट. खाली येणारी वायर बदलायचीच गरज उरली नाही, आणि टपाला परत भोक पाडायचं वाचलं, जे मला सगळ्यात आवडलं कारण टपाचं प्रत्येक भोक म्हणजे पुढच्या पावसाळ्याची चिंता.

पण जोड्या कुणाच्या? हा मुद्दा फारसा कोणी नीट सोडवत नाही. चार पॅनेल, पुढे दोन मागे दोन, मधोमध रूफ फॅन, आणि डाव्या कडेने ऑनिंगची (बाजूला उघडणाऱ्या कापडी छपराची) लांब पेटी, पॅनेलपेक्षा थोडी उंच. नेहमीचा सल्ला असा की ज्यांच्यावर एकत्र सावली पडते त्यांची जोडी लावा, म्हणजे डावी-डावी आणि उजवी-उजवी. मीही तेच म्हणणार होतो. मग कागद घेऊन बसलो.

ह्या पॅनेलमध्ये ३६ सेल, लांबीने चार उभ्या रांगा, आणि दोन बायपास डायोड (सावलीतल्या रांगांना वळसा घालून करंट पुढे नेणारे), प्रत्येक डायोड दोन रांगांसाठी. पॅनेलची लांब बाजू ऑनिंगला समांतर आहे, त्यामुळे ऊन डावीकडून तिरकं असताना पेटीची सावली फक्त कडेच्या रांगेवर पडते, म्हणजे एक डायोड चालू होतो आणि अर्धं पॅनेल जातं, अर्धं काम करत राहतं. (पॅनेल आडवी लावली असती तर तीच चिंचोळी सावली चारही रांगांवर पडली असती आणि अख्खं पॅनेल गेलं असतं. हे नशिबाने बरोबर झालं होतं.) आता डाव्या दोघांची जोडी केली तर त्या जोडीचं व्होल्टेज अर्धं होतं, उजवी जोडी पूर्ण व्होल्टेजला, दोघी पॅरललमध्ये, एकमेकींशी जमेना, आणि हातात अर्ध्याहून थोडंच जास्त उरतं. त्याऐवजी पुढच्या दोघांची एक जोडी आणि मागच्या दोघांची एक केली तर दोन्ही जोड्यांत प्रत्येकी दीड पॅनेल चालू, दोन्हींचं व्होल्टेज सारखं, २२ च्या आसपास, बॅटरीपेक्षा भरपूर वर, आणि जवळपास पाऊण पॉवर मिळते. म्हणजे नेहमीचा सल्ला इथे उलटा पडतो! फॅनचंही तेच, झाकण उघडल्यावर ऊन ज्या बाजूने असेल त्याच्या विरुद्ध बाजूच्या जोडीवरच सावली येते, दुसरी जोडी सुटते.

पूर्ण डावी बाजू झाडाच्या किंवा भिंतीच्या गच्च सावलीत असेल तर मात्र डावी-डावी जोडीच बरी, कारण मग पुढे-मागे जोडीत प्रत्येकी एकच पॅनेल उरतं आणि गरमीत ते परत त्या १५ व्होल्टच्या खड्ड्यात जातं. पण तशा जागी उभं राहिलं तर कुठल्याच वायरिंगने फार काही मिळत नाही. ऑनिंग आणि फॅन बरोबर फिरतात, झाड फिरत नाही, म्हणून आम्ही पुढे-मागे निवडलं.

काम फारसं सांगण्यासारखं नाही. वरचे चारमुखी स्प्लिटर काढले, दोनमुखी लावले, सगळे एकाच कंपनीचे. कंट्रोलर सरकवून बॅटरीच्या जवळ आणला, तिथे १६ स्क्वेअर एमएम वायर, दोन्ही टोकांना क्रिंप केलेले लग, बॅटरीच्या प्लसला लागून ४० अँपचा फ्यूज. तो जुना ब्रेकर कचऱ्यात. पॅनेल आणि कंट्रोलरच्या मधे दोन्ही वायर तोडणारा डीसी आयसोलेटर स्विच, जो आधी नव्हताच. पॅनेलची निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीला जोडलेली नाही ना तेही बघितलं, नव्हती, एवढं तरी त्यांनी बरं केलं होतं. परत जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनेल, आणि कधी काढायची वेळ आली तर उलट क्रम, हे आयसोलेटरच्या शेजारी मार्करने लिहून ठेवलं कारण मित्राच्या लक्षात राहणार नाही.

तशाच कडक दुपारी परत मोजलं. पॅनेल बाजूला ३० व्होल्ट, कंट्रोलर ते बॅटरी फरक ०.१ च्या आत, आणि आकडा २८० च्या आसपास. टप तेवढाच तापलेला, पॅनेल तीच. मग मुद्दाम फॅनचं झाकण उघडून सावली पाडली, मागच्या एका पॅनेलच्या अर्ध्या भागावर. आकडा धाडकन १६० वर. मित्राचा चेहरा पडला. थोडं थांब म्हटलं, आणि काही वेळाने कंट्रोलरने स्वतःच उडी मारली, व्होल्टेज ३० वरून २२ ला आणि आकडा २१० ला. सावलीत पॉवरला एक शिखर नसतं, दोन असतात, कंट्रोलर आधी जवळच्या छोट्या शिखरावर अडकतो, आणि अधूनमधून सगळी रेंज चाळून बघणारा असेल तरच मोठं सापडतं, नाहीतर तिथेच बसून राहतो. स्वस्तातले काही बसूनच राहतात. कंट्रोलर घेताना अँपच्या आधी हे विचारा.

पूर्ण पॅरललमध्ये हीच सावली असती तर तीन पॅनेलचे साधारण तेवढेच आले असते, तेही वायर जाड असती तर. त्यामुळे सावलीसाठी पॅरललच, असं म्हणणाऱ्यांशी माझं आता तरी जमत नाही, निदान अर्ध्या सावलीच्या बाबतीत नाही. दोन जोड्यांना दोन वेगळे छोटे कंट्रोलर दिले असते तर प्रत्येक जोडीने आपापलं शिखर शोधलं असतं आणि अजून थोडे मिळाले असते, पण चालू कंट्रोलर काढून दोन नवे घेण्याइतके नाहीत. तो कधी मेला तर तेव्हा बघू.

पाचवं पॅनेल आता येत नाही. टपावर तेवढी जागा मोकळी राहिली, तिथे मित्राला सायकल बांधायचीय. त्याला सांगितलंय बांध, पण आडवी आणि अगदी मागच्या कडेला, पॅनेलपासून लांब, आणि पहिल्या मोठ्या प्रवासानंतर सगळे स्क्रू परत एकदा आवळ.